परतीची गाडी

आमच्या फाट्यावर आमदार निधीतून बांधलेली निवारा शेड आहे. वर पत्रा, आत सिमेंटचा बाक, भिंतीवर निधी कुणाच्या प्रयत्नातून आला त्याची पाटी. पाटीचा रंग अजून ताजा आहे. दुपारी बाकाखाली शेळ्या बसतात. शेड बांधली त्या वर्षी दिवसाला चार फेऱ्या होत्या. पहाटे सुटणारी मुक्कामी, दहाची, दोनची, आणि तालुक्याहून संध्याकाळी साडेसहाला सुटून आमच्याकडे येणारी, जी रात्री मुक्कामाला थांबायची. आता एक उरली आहे. दहाला येते, साडेदहाला जाते. येते त्या दिवशी.

गाव सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेच्या डोंगरातलं. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण सांगून काही फरक पडत नाही. जावळी, पाटण, शाहूवाडी, किंवा घाट उतरून संगमेश्वर घ्या, अशी गावं पाचपन्नास निघतील. तालुक्यापासून चौदा किलोमीटर. रस्ता डांबरी आहे आणि खरं सांगायचं तर बरा आहे. गेल्या वीस वर्षांत दोनदा झाला.

म्हणजे रस्ता सुधारत गेला आणि गाडी कमी होत गेली. हे दोन्ही एकाच काळात, एकाच सरकारांच्या हाताखाली झालं. या गोष्टीचं आपल्याला आश्चर्य का वाटत नाही, हा माझा प्रश्न आहे.

जिल्हा जनगणना पुस्तिका कुणी उघडून पाहत नाही, पण पाहण्यासारखी असते. त्यात प्रत्येक गावाच्या सोयींचा तक्ता आहे. शाळा, दवाखाना, टपाल, बाजार आणि वाहतूक. २०११ च्या तक्त्यात सार्वजनिक बससेवेच्या रकान्यात दोनच उत्तरं आहेत, आहे किंवा नाही. नसेल तर जवळची बस पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा की दहाच्या पुढे, एवढं सांगणारं एक अक्षर. दिवसाला चाळीस गाड्या थांबणारं हायवेवरचं गाव आणि दहाला येऊन साडेदहाला जाणाऱ्या एका गाडीचं आमचं गाव, या रकान्यात दोघांची नोंद एकच. 'आहे'. आमच्या तीन फेऱ्या गेल्या, पण कागदावर गावाचं काहीच गेलेलं नाही.

रस्त्यांचा हिशोब वेगळा, पण चूक त्याच जातीची. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. बारमाही रस्ता नसलेल्या वस्तीपर्यंत रस्ता न्यायचा, हा हेतू. पात्रता ठरते लोकसंख्येवर. सपाटीवर ५००, आणि डोंगरी राज्यं, वाळवंट, राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले आदिवासी भाग यांना २५०. गंमत अशी की इथे डोंगर म्हणजे हिमालय आणि ईशान्येकडची राज्यं. सह्याद्रीत चार महिने ढगात राहणारी, पावसात दरड कोसळली की तुटणारी बिगर-आदिवासी वाडी योजनेच्या लेखी सपाटीवर येते आणि तिला ५०० डोकी दाखवावी लागतात. २०२४ च्या सप्टेंबरात योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला. २५ हजार वस्त्या, ६२,५०० किलोमीटर रस्ते, ७०,१२५ कोटी रुपये. त्यातली डोकी मोजायची ती २०११ च्या जनगणनेतली. नवी जनगणना २०२१ ला व्हायची ती झालीच नाही, आता तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.

तरी योजनेला नावं ठेवायची नाहीत. या योजनेने खरोखर रस्ते झाले, आणि झोळीतून रुग्ण उतरवायची वेळ अनेक वाड्यांवरून टळली. मला बोलायचं आहे ते रस्ता झाल्यानंतरचं. रस्ता झाला की वस्ती 'जोडली गेली' असं धरून फाईल बंद होते. त्या रस्त्यावरून काय धावतं, किती वाजता धावतं आणि परत कधी येतं, हे विचारणारा अधिकारी कुठल्याच खात्यात नाही. रस्ता एका खात्याचा, गाडी दुसऱ्याची, मुलं तिसऱ्याची, रुग्ण चौथ्याचे. आणि रस्त्याचं भूमिपूजन होतं, ठेका निघतो, कमान लागते. संध्याकाळी साडेसहाच्या फेरीला कुणी नारळ फोडत नाही.

ही साडेसहाची फेरी काय होती ते सांगतो. गाडी आठच्या आधी गावात यायची. वळणावर हॉर्न वाजला की घरोघरी कळायचं, आपलं माणूस आलं. चालक-वाहक शाळेच्या ओट्यावर किंवा देवळात झोपायचे, त्यांची भाकरी आळीपाळीने एकेका घरातून जायची. वाहकाला गावातल्या निम्म्या लोकांची नावं ठाऊक असायची आणि कुणाचा पोरगा तालुक्यात कुणाबरोबर फिरतो हेही. पहाटे पावणेसहाला इंजिन घरघरायला लागलं की दूध, भाजी, कॉलेजची पोरं, कामगार असे सगळे गोळा व्हायचे. एका मुक्कामी गाडीने गावाला अख्खा दिवस मिळायचा. पहाटे निघा, तालुक्यात किंवा पुढे कराडला दिवसभराचं काम करा आणि रात्री आपल्या घरी जेवा.

ती गेली आणि गावाचा दिवस साडेदहाला सुरू होऊन तिथेच संपायला लागला. साडेदहाला निघालेला माणूस सव्वाअकराला तालुक्यात पोहोचतो. सरकारी दवाखान्यात तोवर केसपेपरची रांग आवरत आलेली असते. कॉलेज सकाळचं, ते साडेबाराला सुटतं. तहसीलमध्ये साहेब दुपारी भेटतात. आणि परत यायला काही नाही. जायला गाडी आहे, यायला नाही, ही सोय म्हणायची की अर्धी फसवणूक?

फेरी बंद करताना आगारातून जे कारण मिळतं ते एकाच शब्दाचं असतं, भारमान. गाडीची आसनं आणि प्रत्यक्ष भरलेली आसनं यांचं प्रमाण. ते ठरावीक टक्क्यांच्या खाली गेलं की फेरी तोट्याची. गणित चुकीचं नाही, पण ते ज्या पद्धतीने मांडतात ती बघा. पहाटेची गाडी खाली जाताना गच्च भरून जायची, पण आदल्या रात्री वर येताना शेवटच्या चार थांब्यांत आठ-दहा माणसं उरायची. दोन्हीची सरासरी काढली की गाडी निम्मी रिकामी. रात्रीची रिकामी फेरी कापली की पहाटेची भरलेली फेरी आपोआप जाते, कारण गाडी वर आलीच नाही तर सकाळी निघणार कुठून? हे भारमानाच्या तक्त्यात दिसत नाही.

त्यात दुसरी मेख. गाडी आठवड्यातून दोनदा आलीच नाही तर तिसऱ्या दिवशी माणूस तिची वाट बघत नाही. तो वडापच्या, म्हणजे सीट भरली की सुटणाऱ्या बेकायदा खासगी जीपला उभा राहतो. मग भारमान आणखी उतरतं आणि आगार म्हणतं, बघा, प्रवासीच नाहीत. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या काय होत्या आणि त्यातल्या किती रास्त होत्या यात आत्ता शिरत नाही. मला तर त्यातल्या बऱ्याच पटल्या होत्या. पण त्या सहा महिन्यांत जी माणसं वडापला लागली ती लागली, आणि आमच्यासारख्या कोपऱ्यातल्या ज्या फेऱ्या तेव्हा थांबल्या त्या संप मिटल्यावर परत लागल्या नाहीत.

प्रवासी नाहीत, हे खरं नाही. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि गाड्या बायकांनी भरून गेल्या. या बायका आकाशातून पडल्या नव्हत्या. त्यांना आधीही जायचं होतं, पैसे आडवे येत होते. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत झालाच होता. शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास आहे. कागदावर आपली एसटी चांगली उदार आहे. पण सवलत गाडीत चढल्यावर लागू होते. आमच्या गावची सत्तर-ऐंशीची म्हातारी दवाखान्यात जाते ती वडापने, पूर्ण भाडं देऊन. मुलीचा मोफत पास दप्तरात असतो आणि ती तीस रुपये जीपवाल्याच्या हातावर ठेवते. फेरी बंद करताना सरकारने तिकिटाबरोबर या माणसांची सवलतही बंद केली, फक्त तसा जीआर काढला नाही.

आता लोकसंख्येकडे येतो, कारण चर्चा नेहमी तिथे येऊन संपते. 'अहो, गावात माणसंच राहिली नाहीत, गाडी कुणासाठी सोडायची?' वाक्य बिनतोड वाटतं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढून सव्वाअकरा कोटींच्या आसपास गेली आणि रत्नागिरी जिल्ह्याची जवळपास १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. सिंधुदुर्गचीही घटली. घाटाच्या अलीकडे आमच्या डोंगरपट्ट्यातही तेच. कोयनेच्या खोऱ्यातले, जावळीतले लोक दोन-तीन पिढ्या मुंबईत माथाडी म्हणून राबले. हे स्थलांतर एसटी असतानाही होतं, तेव्हा गाडी गेली म्हणून गाव रिकामं झालं असं म्हणायला मी खुळा नाही. पोटाला भाकरी मिळेना म्हणून लोक गेले.

पण आता जे जात आहेत ते वेगळ्या कारणाने जात आहेत. माझ्या घरापासून तिसरं घर. नवरा कराडजवळ एका कारखान्यात कामाला, मोटरसायकलने येऊन-जाऊन करायचा. बायको, दोन मुली आणि सासू गावात. थोरली दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, तिला सायन्स घ्यायचं होतं. कॉलेज सकाळी साडेसातचं. गाडी साडेदहाची. वडाप आठच्या आधी हलत नाही, कारण सीट भरल्याशिवाय तो हलतच नाही. एक वर्ष बाप तिला रोज पहाटे फाट्यावरून पुढच्या मोठ्या गावात सोडत होता. पावसात एकदा दोघं घसरून पडले. पुढच्या जूनमध्ये त्यांनी तालुक्यात एक खोली घेतली. मुलीबरोबर आई गेली, आईबरोबर धाकटी गेली, मग नवऱ्यालाही तिथूनच कामावर जाणं सोपं पडायला लागलं. सासू गावात एकटी. गावाच्या शाळेचा पट एकाने घटला, दुधाच्या डेअरीत एक किटली कमी झाली.

आणि आगाराच्या तक्त्यात भारमान आणखी चार माणसांनी उतरलं. लोकसंख्या कमी म्हणून फेरी नाही, की फेरी नाही म्हणून लोकसंख्या कमी? माझ्या आळीत तरी दुसरं उत्तर खरं आहे. ज्या गोष्टीचा परिणाम व्हायचा तिलाच कारण म्हणून पुढे केलं की कुणाला काही करावं लागत नाही.

मागे राहतं कोण, हेही आकड्यांत आहे. रत्नागिरीत २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. पुरुष मुंबईला, बायका आणि म्हातारी माणसं गावात. 'आता घरोघरी मोटरसायकल आहे, एसटी हवी कशाला' असं म्हणणाऱ्यांनी मोटरसायकल चालवतं कोण ते एकदा मोजावं. ती बहुतेक घरातल्या एका पुरुषाची असते आणि त्याच्याबरोबर दिवसभर बाहेर असते.

वर्षातून एकदा मात्र चमत्कार होतो. गणपतीला. मुंबईहून कोकणात हजारो जादा गाड्या सुटतात, ग्रुप बुकिंगच्या गाड्या तर थेट वाडीच्या तोंडाशी जातात. त्या आठवड्यात रस्ता अरुंद नसतो, वळणं अवघड नसतात, भारमानाचं नाव निघत नाही. चाकरमानी परतले की तोच रस्ता पुन्हा 'बस चालवण्यास अयोग्य'. यात एसटीवाल्यांचा दोष काढत नाही, त्या आठवड्यात ते जिवाचं रान करतात. एवढंच की गाडी कुठवर जाते हे रस्त्यावर ठरत नाही, मागणारा कोण आहे त्यावर ठरतं.

मग एसटीने रिकाम्या गाड्या पळवायच्या का? महामंडळाचा साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर गेलेला आहे. गाड्या जुन्या, माणसं कमी. पन्नास आसनांची गाडी आठ माणसांसाठी डोंगर चढवा, असं मीही म्हणणार नाही. पण तोटा नेमका कशाचा ते तरी नीट लिहा. एसटी आपल्या तिकिटावर सरकारला साडेसतरा टक्के प्रवासी कर भरते, आणि सरकार तिला सवलतींची भरपाई देतं, ती बऱ्याचदा रखडत. एका खिशातून काढून दुसऱ्यात घालताना मध्ये जे सांडतं त्यालाही एसटीचा तोटा म्हणायचं? गावची फेरी नफ्यातोट्याची वस्तू नाही, असं सरकारने एकदा ठरवावं आणि शाळा चालवण्याचा खर्च देतो तसा किलोमीटरमागे तिचा खर्च द्यावा. मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांतल्या मुलींसाठी शाळेच्या वेळेला निळ्या गाड्या सोडल्या, त्यांचा खर्च सरकारने उचलला. म्हणजे हे करता येतं. फक्त ते शाळेच्या वेळेपुरतं आणि ठरावीक तालुक्यांपुरतं राहिलं.

दुसरी गोष्ट वडापची. त्याला आपण चोर समजतो आणि त्याच्याशिवाय आपलं पानही हलत नाही. नऊ आसनांच्या जीपमध्ये चौदा माणसं, मागे लटकलेले दोन, ड्रायव्हर दाराकडे अर्धा बाहेर. पोलीस दिसला की दोघं उतरून पुढच्या वळणापर्यंत चालत येतात. पण रात्री अकराला बाळंतीण उतरवायला तोच येतो. मात्र 'स्पेशल' करून, म्हणजे अख्ख्या गाडीचं भाडं मोजून. या माणसाला कायद्यात आणायला काय हरकत आहे? तमिळनाडूने १९९७ मध्ये बस न पोहोचलेल्या गावांसाठी खासगी मिनीबसना परवाने दिले, आणि २०२५ मध्ये ती योजना नव्याने सुरू केली. केंद्राने २०१७ मध्ये आजीविका ग्रामीण एक्सप्रेस काढली होती, बचतगटातल्या बाईने गाडी घ्यायची आणि ठरलेल्या मार्गावर ठरलेल्या वेळी चालवायची. कल्पना चांगली होती. आमच्या बाजूला मला ती गाडी काही दिसली नाही.

खासगीचं नाव काढलं की एक भीती वाटते आणि ती खोटी नाही. शेजारच्या मध्य प्रदेशाने २००५ मध्ये आपलं राज्य परिवहन महामंडळ गुंडाळायचं ठरवलं. गाड्या खासगी मालकांच्या हाती गेल्या. मालक पैसा मिळेल त्या मार्गावर धावतो, यात त्याचा काय दोष? वीस वर्षांनी, २०२५ मध्ये, तिथल्या सरकारला पुन्हा सार्वजनिक बससेवा उभी करायचा निर्णय घ्यावा लागला. म्हणून माझं म्हणणं असं की एसटी हटवून वडाप नको, एसटीच्या खाली वडाप हवा. फाट्यापर्यंत मोठी गाडी, फाट्यापासून वर पंधरा आसनांची छोटी, ठरलेल्या वेळेची, एसटीचाच पास चालणारी. भरो वा न भरो, वेळ झाली की सुटणारी. चालवणारा गावातलाच असू दे, पैसे फेरीवर मिळू देत, डोक्यांवर नकोत. डोक्यांवर पैसे दिले की तो पुन्हा सीट भरायची वाट बघत उभा राहतो.

हे सगळं होईल तेव्हा होईल. पण एक रकाना बदलायला पैसे लागत नाहीत. 'बस आहे की नाही' याऐवजी 'पहिली गाडी किती वाजता जाते आणि शेवटची किती वाजता परत येते', एवढे दोन आकडे प्रत्येक गावापुढे लिहा. जनगणनेत जमत नसेल तर ग्रामपंचायतीने लिहावेत. मग कुठलं गाव जोडलेलं आहे आणि कुठलं नुसतं डांबराने बांधलेलं आहे, ते एका नजरेत कळेल. काही वाड्या अशाही निघतील की जिथे चार म्हातारी माणसं उरली आहेत आणि तिथे आता गाडी सोडूनही कुणी परत येणार नाही. तिथे आणखी एक काँक्रीटचा रस्ता नेण्यापेक्षा हाक मारली की येणारी गाडी आणि महिन्याला येणारा डॉक्टर द्यावा. हे ऐकायला कडू आहे, गावातल्या लोकांना तर आवडतच नाही.

परवा ग्रामसभेत मी ठराव मांडला. फाट्यापासूनच्या दीड किलोमीटरच्या काँक्रिटीकरणाची मागणी मागे ठेवा आणि आधी संध्याकाळची फेरी मागा. अर्ध्या लोकांना ते पटलं नाही, काँक्रीटच्या कामाला गावातलेच दोन ठेकेदार टपून आहेत. शेवटी दोन्ही मागण्या एकाच कागदावर घातल्या. ग्रामसेवक लिहीत होते, 'सदर गावास एसटी बसची फेरी सुरू करणेबाबत'. मागे भिंतीला टेकून बसलेली तिसऱ्या घरातली म्हातारी, जिच्या नाती आता तालुक्यात राहतात, म्हणाली, "भाऊसाहेब, नुसतं सुरू करा असं नका लिहू. परत कितीला येणार तेवढं घाला त्यात." ग्रामसेवकांनी ओळ खोडली आणि वेळ विचारली. त्यावर पुढचा अर्धा तास भांडण चाललं. साडेसहा म्हणायचं की सात. कारखान्याची शिफ्ट सहाला सुटते, म्हणून सात लिहिलं.